कुलूप, किल्ली आणि कट: फोनवर फिल्म शिकण्याचे सराव

कॉलेजात फिल्म करायचं ठरलं की पहिली उडी थेट पंधरा मिनिटांच्या लघुपटावर पडते. गोष्ट सुचते, मित्र नट होतात, दोन रविवार शूटिंग चालतं आणि तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉपवर सगळं जोडायला बसल्यावर काहीच जुळत नाही. संवाद पंख्याच्या घरघरीत बुडालेले, चेहरे काळवंडलेले, एका शॉटमध्ये डावीकडे निघालेला नायक पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे चालू लागलेला. यातून शिकायलाही फारसं मिळत नाही, कारण सगळंच एकदम बिघडलेलं असतं आणि कशामुळे काय बिघडलं हे वेगळं काढता येत नाही.

खालचे सराव त्यासाठी आहेत. एका सरावात एकच गोष्ट शिकायची, लांबी मिनिट-दीड मिनिटाच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि शूटिंग, संकलन व एकत्र बसून पाहणं हे तिन्ही त्याच आठवड्यात उरकायचं. कॅमेऱ्यामागे उभं असताना चूक दिसत नाही, ती टाइमलाइनवर, म्हणजे संकलनात शॉट ओळीने लावायच्या पट्टीवर, दिसते. म्हणून संकलन गटातल्या एका हुशार मित्रावर सोपवू नका. पाच जण असाल तर दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, सातत्याची वही (शॉटमध्ये काय कुठे होतं त्याची नोंद) आणि अभिनय ही कामं दर आठवड्याला फिरती ठेवा, पण तेच फुटेज पाचही जणांनी आपापलं जोडायचं. एकाच मालातून निघालेल्या पाच वेगळ्या फिल्म शेजारी-शेजारी पाहिल्या की कट म्हणजे काय ते जितकं लवकर कळतं, तितकं कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

सामान फार लागत नाही: एक फोन चित्रासाठी, दुसरा आवाजासाठी, माइक असलेले वायरचे इअरफोन, फोन पकडणाऱ्या क्लॅम्पसह ट्रायपॉड, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात आलेलं पांढरं थर्माकोल, दोन मीटर काळं कापड, खडू, कागदी चिकटपट्टी आणि एक वही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ट्रायपॉडवर करा, मग माइकवर. नव्या फोनचा नंबर सगळ्यांत शेवटी.

फोन आधी वठणीवर आणा

फोनचा कॅमेरा दर क्षणी आपल्या मनाने निर्णय घेत असतो: उजेड वाढव, रंग बदल, फोकस हलव. फोटोला ते चालतं, फिल्मला नाही. दोन शॉट शेजारी ठेवले की एक पिवळा आणि एक निळा दिसतो. म्हणून शॉट घेण्याआधी चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड कुलूपबंद करा. रंगाचा समतोल हाताने लावता येत असेल तर ट्यूबलाइटखाली ६५०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बखाली २७०० च्या आसपास ठेवा. एचडीआर व्हिडिओ बंद करा, नाहीतर लॅपटॉपवर चित्र भगभगीत किंवा फिकट दिसतं. रेझोल्यूशन १०८० पुरे. फोर-केने फोन तापतो, जागा संपते आणि साधा लॅपटॉप अडखळतो.

दर सेकंदाला फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, २५ ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फोन ३० फ्रेम आणि १/६० शटरवर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, सेकंदाचा साठावा भाग) असेल तर चित्रात वर-खाली सरकणारे काळसर पट्टे येतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पट्टे जातात. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेऱ्याच्या विभागात पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय सुरू केल्यावर २५ चा आकडा दिसू लागतो. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट अ‍ॅप वापरून पाहा. २५ मिळतच नसेल तर ३० वर राहून शटर तेवढं १/५० किंवा १/१०० करा.

शूटिंगभर फोन एअरप्लेन मोडवर. लेन्स दर तासाला मऊ सुती कापडाने पुसा. चेहऱ्याभोवती धुकट वलय दिसतं ते बहुतेक वेळा बोटाच्या तेलाचं असतं.

एक शॉट, पन्नास सेकंद

७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात सिनेमाचे फ्रेंच प्रवर्तक लुमिएर बंधू यांच्या फिल्म दाखवल्या गेल्या, तेव्हा एकेका फिल्मची पट्टी साधारण १७ मीटरची होती आणि ती पन्नासेक सेकंदांत संपायची. तीच अट आज घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, हलवायचा नाही, झूम नाही, कट नाही, ५० सेकंद.

एसटी स्टँड, सार्वजनिक नळ, शाळा सुटण्याची वेळ, भाजीवाल्याचं दुकान लावणं, असं ठिकाण निवडा जिथे चौकटीतच काहीतरी सुरू होऊन संपतं. रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत बसा. बस कुठे थांबते, लोक कुठून येतात, रांग कुठे मोडते हे कळलं की कॅमेरा कुठे ठेवायचा ते आपसूक ठरतं. नवशिक्या माणूस कॅमेरा बरोबर समोर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो आणि मग सगळे जण नाटकाच्या रंगमंचासारखे डावीकडून उजवीकडे सरकत राहतात. कॅमेरा तिरका लावा, म्हणजे लांबून येणारा माणूस मोठा होत जवळ येतो आणि चौकटीला खोली मिळते. प्रत्येकाने तीन शॉट आणायचे आणि त्यातला एकच दाखवायचा.

याच आठवड्यात घरी एक सराव मागे चालू ठेवता येतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर, भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती. तुम्ही वाटाणा किंवा चवळी लावा, दर अर्ध्या तासाला एक फोटो घ्या. सहा दिवसांत २८८ फोटो होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशोबाने साडेअकरा सेकंद. कुंडी खिडकीत ठेवू नका. ऊन बदलत राहतं आणि फिल्म लुकलुकते. बंद कपाटात वरून एक एलईडी दिवा सतत चालू ठेवा, फोन चार्जरला लावा, फोकस आणि उजेड बांधून टाका, पाणी सिरिंजने घाला. कुंडी केसभर हलली तरी रोप उडी मारल्यासारखं दिसतं.

एक खिडकी, एक चेहरा

उजेडाचा सराव अर्ध्या दिवसाचा आहे. थेट ऊन येत नाही अशी खिडकी शोधा, उत्तरेकडची मिळाली तर उत्तम. घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा थंड उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एका चेहऱ्यावर मिसळला की कातडीचा रंग पुढे संकलनात सावरता येत नाही. खिडकीपासून तीन-चार फुटांवर स्टूल ठेवून त्याच व्यक्तीचे चार शॉट घ्या: खिडकीकडे तोंड, खिडकी बाजूला, तिरकी, आणि पाठीमागे. मग बाजूच्या उजेडाचा शॉट आणखी दोनदा घ्या. एकदा चेहऱ्याच्या काळोख्या बाजूला दोन फुटांवर थर्माकोल धरून, एकदा त्याच जागी काळं कापड धरून. थर्माकोलने सावली उघडते. कापडाने ती इतकी गडद होते की तोच माणूस काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं. उजेड दर वेळी खिडकीकडच्या गालावर बांधा, म्हणजे तिथे बोट दाबून कुलूपबंद करा. नाहीतर काळं कापड आलं की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि सरावच वाया जातो.

दिव्याखाली काम करताना एक हिशोब लक्षात ठेवा. बल्ब एक फुटावरून दोन फुटांवर नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो.

बाहेर शूटिंग असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात. पावसाळ्यातलं पूर्ण ढगाळ आभाळ चेहऱ्यांना फार छान, पण ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर एका प्रसंगाचे शॉट एकमेकांना जुळणार नाहीत. ढग सरकेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

चेहऱ्याशेजारी काय ठेवलं

१९२० च्या आसपास मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह यांनी इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपची बशी, शवपेटी अशा वेगवेगळ्या चित्रांशी जोडून दाखवला. चेहरा तोच असूनही पाहणाऱ्याला त्यात वेगळी भावना दिसते, हा त्या प्रयोगाचा गाभा. तासाभरात करून पाहता येतो. मित्राला भिंतीसमोर बसवा, लेन्सच्या किंचित बाजूला एका खुणेकडे २० सेकंद बघायला सांगा, चेहऱ्यावर काहीही आणू देऊ नका. मग तीन वस्तू वेगळ्या शूट करा: वाफाळती पुरणपोळी, रिकामा पाळणा, हॉस्पिटलबाहेर काढून ठेवलेल्या चपला. चेहरा तीन सेकंद, वस्तू तीन सेकंद, पुन्हा चेहरा चार सेकंद. गटाबाहेरच्या तिघांना एकेक जोडी दाखवा आणि नट कसा वाटला ते विचारा. नटाने थोडासा जरी अभिनय केला तर प्रयोग फसतो, हीच त्यातली शिकवण्याजोगी बाब.

कुलूप

हा सगळ्यांत महत्त्वाचा सराव. यावर दोन आठवडे घालवा. फिल्म शिकवणाऱ्या संस्थांत कंटिन्युइटीचा, म्हणजे हालचालीच्या सातत्याचा सराव सुरुवातीलाच करून घेतात, कारण इथे एकही चूक लपत नाही. संवाद नाही, संगीत नाही. एक मुलगी व्हरांड्यातून येते, कुलूप काढते, खोलीत शिरते, जमिनीवर पडलेलं पत्राचं पाकीट तिला दिसतं. जोडल्यावर लांबी ६० ते ७५ सेकंद.

१. व्हरांडा, लाँग शॉट (दुरून, पूर्ण माणूस दिसेल असा). ती डावीकडून उजवीकडे चालत दारापाशी येते.
२. मिड शॉट (साधारण कमरेपासून वर). दारासमोर थांबते, उजव्या खांद्यावरची बॅग पुढे ओढते.
३. क्लोजअप. हात बॅगेत चाचपडतो, किल्ल्यांचा जुडगा काढतो, चौकटीबाहेर जातो.
४. क्लोजअप. कुलूप. हात चौकटीत येतो, किल्ली फिरते, कुलूप निघतं.
५. दोन नंबरचीच जागा. कडी काढते, दार ढकलते.
६. खोलीच्या आतून. दार उघडतं, ती उजेडाविरुद्ध काळी आकृती म्हणून आत येते.
७. आतला मिड शॉट. बॅग टेबलावर ठेवते, नजर खाली जाते, थांबते.
८. तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून. जमिनीवर पाकीट.
९. चेहऱ्याचा क्लोजअप.
१०. जमिनीलगत कॅमेरा. हात येऊन पाकीट उचलतो.

शूटिंगचा एक नियम काटेकोर पाळा: हालचाल दोन्ही शॉटमध्ये पूर्ण करायची. तिसऱ्या शॉटमध्ये जुडगा चौकटीबाहेर जाईपर्यंत कॅमेरा चालू ठेवायचा आणि चौथ्यात हात येण्याआधीच तो सुरू करायचा. प्रत्येक टेकच्या, म्हणजे शॉट घेण्याच्या प्रत्येक खेपेच्या, आधी आणि नंतर पाच सेकंद रिकामे सोडायचे. दहा शॉटचे प्रत्येकी तीन टेक धरले तर बारा-पंधरा मिनिटांचं फुटेज होतं, ते बेताचं आहे. अभिनय करणाऱ्या मुलीला प्रत्येक हालचाल कुठल्या हाताने करायची ते आधी ठरवून द्या, तालीम चार वेळा घ्या. सातत्याची वही सांभाळणाऱ्याने प्रत्येक टेकला लिहायचं: बॅग कुठल्या खांद्यावर, जुडगा कुठल्या हातात, कुलूप काढल्यावर कडीत अडकवलं की हातात ठेवलं, ओढणी कशी होती. शिवाय प्रत्येक सेटअपचा फोटो काढून ठेवायचा. कुलूप नेमकं इथेच सगळ्यांना पकडतं. चौथ्या शॉटमध्ये ते निघून हातात येतं आणि पाचव्यात हात रिकामा असतो.

दिशा दाराशी हमखास बिघडते. बाहेर ती डावीकडून उजवीकडे जात असेल तर आतही तिने चौकटीच्या डाव्या बाजूने येऊन उजवीकडे जायला हवं. कॅमेरा खोलीच्या चुकीच्या कोपऱ्यात लावला की ती आत येण्याऐवजी बाहेर परतल्यासारखी दिसते. आतला शॉट लावण्यापूर्वी बाहेरचा शॉट फोनवर पाहून घ्या, अंदाजावर जाऊ नका. त्याच सहाव्या शॉटमध्ये बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. एक टेक बाहेरच्या उजेडावर बांधून आणि एक आतल्या भिंतीवर बांधून घ्या. पहिल्यात आकृती काळी येईल, दुसऱ्यात दार पांढरं फटक पडेल. कुठला ठेवायचा ते गोष्टीला काय हवं त्यावर ठरवा.

आणखी एक ठेच पहिल्या दोन शॉटमध्ये लागते. माणूस तोच, कोन तोच, अंतर जरासंच कमी केलेलं, अशा दोन शॉटमधला कट झटका दिल्यासारखा दिसतो. कॅमेरा निदान ३० अंश सरकवा आणि चौकटीतला माणसाचा आकारही ठळक बदला. लाँगवरून थेट मिड किंवा क्लोज.

आता जोडणी. संकलनाच्या सॉफ्टवेअरपैकी, तापलेला किंवा जुना लॅपटॉप असेल तर केडेनलाइव्ह, बरा असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. प्रोजेक्ट उघडल्याबरोबर, पहिली क्लिप टाकायच्या आधी टाइमलाइन २५ फ्रेमची करा. रिझॉल्व्हमध्ये नंतर ते बदलता येत नाही. फोनचं फुटेज बऱ्याचदा एकसारख्या वेगाने फ्रेम घेत नाही, त्यामुळे लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. हँडब्रेक या व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप आधी स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या. तारखेचा एक फोल्डर, त्यात चित्र, आवाज आणि प्रोजेक्ट असे तीन. दुसरी प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर गेल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसायचं नाही.

कट हालचालीत मारा, ती संपल्यावर नाही. पाचव्या शॉटमध्ये दार ढकलायला सुरुवात झाली, साधारण तिसरा हिस्सा झाला की सहाव्यावर जा. उरलेली हालचाल आतून दिसते आणि पाहणाऱ्याची नजर तिच्यामागे धावते, कटाकडे जात नाही. जुळत नसेल तर एकेक फ्रेम मागे-पुढे सरकवून पाहा. कधी दोन-तीन फ्रेम हालचाल पुन्हा दाखवली तरच कट गुळगुळीत लागतो. आठव्या शॉटला, म्हणजे पाकिटाला, किती वेळ द्यायचा यावर पाच जणांच्या पाच आवृत्त्या सर्वांत जास्त वेगळ्या निघतील. दोन सेकंदांत ते विजेचं बिल असतं, पाच सेकंदांत कुणाची तरी चिठ्ठी.

तीच फिल्म, नवा आवाज

आवाज शिकायला नवं शूटिंग नको. 'कुलूप'चा फोनवर आलेला सगळा आवाज बंद करा आणि पुन्हा शून्यापासून घडवा. पावलं, बॅगेची चेन, जुडगा, कुलूप, कडी, दार, कागद, आणि व्हरांड्याचा व खोलीचा वातावरणाचा आवाज, अशी यादी करा. रात्री अकरानंतर, पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरायचं नसेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, घरी जाताना आठवण होतेच. गणपती, लग्नसराई, शेजारच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग हे वेळापत्रक ठरवतानाच पाहून घ्या.

जुडग्याचा आवाज माइक वीतभर अंतरावर धरून घ्या. पावलं त्याच चपला घालून, तशाच फरशीवर. कुलपाचा खरा आवाज बहुतेक वेळा बारीक आणि पत्र्यासारखा निघतो, पडद्यावर पटत नाही. दुकानाच्या शटरचं जड कुलूप उघडून रेकॉर्ड करा, ते बरोबर बसतं. आकडे दाखवणारं अ‍ॅप असेल तर बोलण्याचा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठा झटका उणे ६ पर्यंत ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज कशानेही दुरुस्त होत नाही.

खोलीच्या शांततेचे ३० सेकंद वेगळे घ्या, तेव्हा कुणी हलायचं नाही. याला रूमटोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि दोन आवाजांच्या मध्ये खरी पोकळी राहिली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं. ती पोकळी या तीस सेकंदांनी भरायची. सगळं बसवल्यावर शेवटी दाराचा आवाज चित्राच्या दहा-बारा फ्रेम आधी आणून पाहा: पडद्यावर अजून कडी दिसतेय, कानावर दाराची करकर आली आणि मग आपण आत जातो. तोच कट, पण खोली आपल्याला आत ओढून घेते. व्हरांड्यातले कावळे आणि स्कूटर मात्र त्या कटावर एकदम तोडू नका, आठ-दहा फ्रेममध्ये विरघळू द्या.

दोघांचं बोलणं

दोन खुर्च्या, मध्ये टेबल, आठ वाक्यांचा संवाद. "पैसे आणलेस?" "उद्या देतो." "कालही उद्याच म्हणाला होतास." एवढी ठिणगी पुरते. दोन्ही खुर्च्या जोडणारी खडूची रेघ जमिनीवर मारा. कॅमेरा सगळा वेळ या रेघेच्या एकाच बाजूला राहील. तो पलीकडे गेला की दोघे एकमेकांकडे बघण्याऐवजी एकाच दिशेला बघताना दिसतात.

आधी दोघे दिसतील असा पूर्ण संवादाचा मास्टर घ्या. मग दोघांचे वेगवेगळे शॉट, पुन्हा पूर्ण संवादाचे. समोरच्या नटाने लेन्सला डोकं चिकटवून बसायचं आणि आपली वाक्यं मनापासून म्हणायची, फोनवर स्क्रोल करत नाही. दोन्ही एकेरी शॉट सारख्याच अंतरावरून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. फोन तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगतं. पाच-सहा फूट मागे जाऊन दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणलेला झूम नको.

आवाज दुसऱ्या फोनवर: इअरफोनचा माइक हनुवटीखाली वीतभर, शर्टाच्या आतून, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मायक्रोपोर पट्टीने चिकटवा. स्टार्चचे आणि रेशमी कपडे घासून आवाज करतात, जुना सुती शर्ट बरा. प्रत्येक टेकला शॉट आणि टेकचा नंबर मोठ्याने म्हणा आणि कॅमेऱ्याजवळ एक टाळी वाजवा. तळवे जुळलेली फ्रेम आणि आवाजाच्या रेषेतला सुळका एकावर एक आणला की चित्र आणि आवाज जुळले. टाळी लांबून नको, चौदा मीटरवरून आवाज यायला जवळजवळ एक फ्रेम जाते. एकेरी शॉटमध्ये दोघांनी एकमेकांच्या वाक्यावर वाक्य आणू नये. घाई आणि तोडाफोड संकलनात करता येते, चिकटलेली वाक्यं सोडवता येत नाहीत.

दोन आवृत्त्या करा. एकीत जो बोलतो तो दाखवा. दुसरीत "कालही उद्याच म्हणाला होतास" हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ऐकवा.

शेवटी, पिठाची गिरणी

आता तीन मिनिटांची फिल्म, निवेदन नाही. विषय: हाताने होणारं एखादं काम. पिठाची गिरणी फार चांगली, कारण तिथे सुरुवात, मध्य आणि शेवट आपसूक असतो: डबा येतो, वजन होतं, दळण पडतं, डबा जातो. सायकल दुरुस्ती किंवा कुंभाराचं चाकही चालेल. मालकांची परवानगी लेखी घ्या, चौकटीत ओळखू येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारा, लहान मुलं असतील तर पालकांना. रेल्वे स्टेशनसारख्या जागा टाळा, तिथे शूटिंगला वेगळी परवानगी लागते.

गिरणीत फिरता पट्टा असतो. ओढणी, सैल बाह्या, लोंबणारी वायर घेऊन त्याच्या जवळ जायचं नाही. ट्रायपॉडचा एक पायही तिकडे नको. पीठ लेन्सवर आणि फोनच्या माइकच्या भोकांत बसतं. कोरडा मऊ ब्रश जवळ ठेवा, ओल्या कापडाने पुसलं तर खळ होते. पहिला दिवस शूटिंग नको, नुसतं बसा आणि कामाचा क्रम वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक क्रियेचे पाच शॉट: हात, चेहरा, दोन्ही एकत्र दिसतील असा, खांद्यामागून, आणि जो कुणालाच सुचला नसता असा एक. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, पट्ट्याच्या हादऱ्याने थरथरणारा वजनकाटा. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद. एकूण अर्धा तास फुटेज पुरे.

मुलाखत गिरणी बंद असताना, दुपारी. "हे काम आवडतं का?" याला "हो" मिळेल. "पहाटे आल्यावर आधी काय करता?" याला गोष्ट मिळेल. उत्तर संपल्यावर चार सेकंद गप्प राहा, खरं वाक्य बऱ्याचदा त्यात येतं. गिरणीचा आवाज वेगळा घ्या: जवळून, दारातून आणि रस्त्याच्या पलीकडून. सिनेमातलं गाणं लावू नका. चाल जुनी असली तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं टिकतो, आणि इथे पट्ट्याचा ठेका आहेच.

पहिली जोड झाली की गटाने ती दोनदा पाहायची, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. जिथे लक्ष उडालं तिथली वेळ प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायची, जोडणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. तीन चिठ्ठ्यांवर एकच वेळ आली तर तो भाग कापा. अंतिम प्रत १०८० रेझोल्यूशन, २५ फ्रेम, एच-२६४ या व्हिडिओ-प्रकारात काढा आणि हॉलच्या स्पीकरवर आदल्या दिवशी वाजवून पाहा. त्याही आधी लॅपटॉप घेऊन गिरणीत जा आणि मालकांना दाखवा. जात्याच्या दगडाचा आवाज दळण भरलेलं असताना एक असतो, संपत आल्यावर दुसरा. तुम्ही तो चुकीच्या जागी लावला असेल तर ते लगेच सांगतील, आणि तो त्याच दिवशी बदलायचा.